फलकावरून कापलेला माणूस

आज आमच्या गावात एका एव्हरेस्टवीराचा जाहीर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळे यथासांग पार पडले. मात्र व्यासपीठामागच्या फलकावर शिखरमाथ्याचे जे छायाचित्र होते, त्यातला दुसरा माणूस कापून टाकलेला होता आणि सत्कारमूर्तींच्या खांद्यावर त्याचा हातमोज्यातला पंजा तेवढा उरला होता. भाषणभर तो 'माझा शेर्पा' होता. नाव एकदाही आले नाही.

मला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या पांगबोचे गावातल्या दिदी आठवल्या. बेस कॅम्पच्या ट्रेकमध्ये त्यांच्या लॉजवर आमचा मुक्काम होता आणि त्यांचा मुलगा वर खुंबू आइसफॉलमधून, म्हणजे बेस कॅम्पच्या लगेच वर असलेल्या हिमनदीच्या भेगाळ, सरकत्या उतारावरून, सामान वाहत होता. रात्रीच्या थंडीत बर्फ घट्ट असतो, म्हणून ही माणसे पहाटेच्या अंधारातच निघतात. खिडकीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येई तिथे फोन ठेवून दिदी चुलीपाशी जाग्या बसल्या होत्या.

गिर्यारोहक तो आइसफॉल मोजक्या वेळा ओलांडतो; आता तर बरेच जण विरळ हवेची सवय दुसऱ्या शिखरावर करून घेतात आणि तिथल्या फेऱ्या आणखी कमी करतात. ऑक्सिजनचे सिलिंडर, तंबू आणि गॅस वर पोहोचवणाऱ्याला मात्र त्याच सरकत्या बर्फातून, भेगांवर आडव्या टाकलेल्या त्याच शिड्यांवरून, पुन्हा पुन्हा जावे लागते. १८ एप्रिल २०१४ रोजी तिथेच हिमकडा कोसळून १६ जण गेले. सगळे नेपाळी कामगार, एकही परदेशी गिर्यारोहक नाही! त्यांच्या कुटुंबांना सरकारने सुरुवातीला देऊ केले ते चाळीस हजार नेपाळी रुपये. आज त्याच सरकारला वसंत ऋतूतल्या एका परदेशी परवान्यापोटी १५,००० डॉलर मिळतात.

या कामाला तिथल्या बहुतेक कामांपेक्षा जास्त पैसे मिळतात आणि ते कोणी जबरदस्तीने करत नाही, हे खरे आहे. दिदींनीही तेच सांगितले. लॉजचा नवा मजला मुलाच्या कमाईतून चढला होता. सांगताना त्यांची नजर फोनवरून हटली नाही, एवढेच.

सत्कारमूर्तींच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आठ हजार मीटरच्या वर, जिथे माणसाचे शरीर तासागणिक खचत जाते, तिथे स्वतःच्या पायांनी जाऊन परत येणे सोपे नाही, आणि फलक बहुधा त्यांनी केलाही नसेल. पण माईक त्यांच्याच हातात होता ना? तुमचा मास्क नीट बसवणाऱ्याचे आणि दोराला तुमची क्लिप नीट लागली आहे की नाही हे पाहणाऱ्याचे नाव घ्यायला किती वेळ लागला असता?

पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात याच मोहिमेचा आणखी एक सत्कार आहे. मी जाणार आहे, आणि प्रश्न विचारू दिले तर पहिला प्रश्न त्या नावाचाच असेल. त्याचे आयोजक मित्र हे वाचत असतील, तर त्यांनी आधीच फलक बदललेला उत्तम.