कोड दिसतो म्हणून चोर घुसतो?

चिपळूणला माझा मामेभाऊ एका पतपेढीचे चार सर्व्हर सांभाळतो. परवा त्याचा फोन: "ताई, तू सांगितलेलं ॲन्सिबल आणि झॅबिक्स नको म्हणतायत संचालक." ॲन्सिबल सर्व्हरची मांडणी करून देतं, झॅबिक्स सर्व्हरवर नजर ठेवतं; दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली. नको म्हणण्याचं कारण ग्रुपवर फिरणारा मेसेज. ओपन सोर्सचा कोड सगळ्यांना दिसतो म्हणून हॅकरना रान मोकळं, मोठ्या डेटा सेंटरमध्ये ते कुणी वापरत नाही, बिघडलं तर जबाबदार कोणी नाही, म्हणून महागडं घ्या आणि निर्धास्त व्हा. मला तो या महिन्यात तिसऱ्यांदा आलाय.

सगळ्यात घातक मुद्दा कोड दिसण्याचा. डिसेंबर 2020 मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या ओरायनचं प्रकरण उघड झालं. नेटवर्कवर नजर ठेवणारं, पैसे मोजून घ्यायचं, बंद कोडचं सॉफ्टवेअर. हल्लेखोरांनी कंपनीच्या बिल्ड यंत्रणेत, म्हणजे कोडपासून तयार सॉफ्टवेअर बनतं तिथे, शिरून अपडेटमध्येच चोरदार (बॅकडोअर) बसवलं आणि कंपनीच्याच डिजिटल सहीने ते सुमारे 18,000 ग्राहकांकडे पोचलं. अमेरिकी सरकारचे विभागही त्यात सापडले. कित्येक महिने कुणाला सुगावा नव्हता.

आता मार्च 2024. एक्सझेड ही लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममधली, फायली आकसून लहान करणारी छोटी लायब्ररी. कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ विश्वास कमावून तिच्यात चोरदार घातलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं. खणत खणत त्याने मूळ गाठलं, तेही 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्या सगळीकडे पसरण्याआधी. एक्सझेडशी त्याचा काही संबंध नव्हता. सगळं उघड्यावर होतं म्हणूनच एका परक्या माणसाला ते खणता आलं.

जबाबदार कोणी नाही, हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. एक्सझेड एकच माणूस फावल्या वेळात सांभाळायचा, आणि हल्लेखोर तिथूनच आत आला. म्हणून साधन निवडताना ते किती जण सांभाळतात, शेवटची आवृत्ती कधीची आणि परवाना कुठला, हे बघायचंच. परवाना बदलतोही. ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारणीच्या साधनाचा बदलला, तेव्हा लोकांनी आधीच्या कोडवरून ओपनटोफू उभं केलं. बंद कोडवाल्याला ही वाट नसते. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली आणि डिसेंबर 2023 मध्ये कायमचे परवाने विकणंच थांबवलं. आता भरा वर्गणी.

मोठे लोक वापरत नाहीत म्हणे! नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सगळ्यात वेगवान महासंगणकांच्या टॉप 500 यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो.

फुकटही काही नसतं. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण शिकायला वेळ जातो, माणूस लागतो. तो खर्च मी भावाला आधीच सांगितला होता.

"निर्धास्त व्हा" हे मात्र चिपळूणच्या माणसाने तरी पुढे पाठवू नये. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका कार्यालयाचा तळमजल्यावरचा सर्व्हर बुडाला. सॉफ्टवेअर महागडंच होतं. कुठल्या सर्व्हरवर काय बसवलंय याची नोंद एका वहीत होती, तीही भिजली. बॅकअप होता, पण यंत्र पुन्हा उभं कसं करायचं हे कुणाला आठवेना. ॲन्सिबलमध्ये हीच नोंद साध्या मजकुराच्या फायलींत राहते. तिची एक प्रत रत्नागिरीत ठेवली की नवं यंत्र तीच वाचून उभं करता येतं.

शनिवारी मी चिपळूणला जातेय. भावाकडे एक जुनं यंत्र पडून आहे. संचालकांच्या समोर ते पूर्ण पुसायचं आणि त्या फायलींवरून पुन्हा उभं करून दाखवायचं, असं आमचं ठरलंय.