पंपाची सवय लागत नाही आणि काढा फुप्फुसात जात नाही

"3 दिवसांत फुप्फुसं धुऊन काढा" हा मेसेज गेल्या महिन्यात माझ्याकडे सहा ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, दुकानातली गिऱ्हाइकं. नाशिकच्या सिडकोत माझं औषधांचं दुकान आहे, असलं काहीबाही रोज येतं आणि मी सोडून देतो. पण हा मेसेज माझ्या आत्याकडेही पोचला, आणि तिला 20 वर्षांपासून दमा आहे.

मेसेजात चार गोष्टी आहेत. कांदा, गूळ, आलं, हळदीचा काढा 3 दिवस घेतला की फुप्फुसातली सगळी घाण निघते. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो. 10 सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुसं ठणठणीत. आणि चौथी, दम्याचा पंप ताबडतोब बंद करा, त्याची सवय लागते आणि मग तो जन्मभर सुटत नाही.

चौथीपासूनच सुरू करतो, कारण जीव जातो तो तिच्यामुळे.

आत्या मखमलाबादला राहते. डिसेंबरात पहाटे साडेतीनला आतेभावाचा फोन आला. मी पोचलो तेव्हा ती खाटेच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते, गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. "आत्या, पंप कुठंय?" तर म्हणे, "ठेवला... रे. सवय... लागते ना." शिवणाच्या डब्यात सापडला. मागचा आकडा, म्हणजे पंपात उरलेले दाब, 84. पंधरवड्यापूर्वी मी बघितला होता तेव्हाही 84 च होता. मग दवाखाना, नेब्युलायझर, ऑक्सिजन, दोन रात्री.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो, आणि हवा जायची वाट बारीक होते. रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप ही सूज दाबून ठेवतो. तो बंद केला म्हणून सूज त्याच दिवशी परत येत नाही, दिवसादिवसाने वाढत जाते. म्हणूनच हा मेसेज इतका घातक आहे. पहिले 3 दिवस माणसाला बरं वाटतं, तो श्रेय काढ्याला देतो आणि मेसेज पुढे चार जणांना पाठवतो. आत्यानेही पाठवला होता.

सवय लागते म्हणणारी बरीच माणसं दम्याची गोळी मात्र बिनघोर घेतात. आवळलेल्या श्वासनलिका सैल करणारं औषध म्हणजे सालब्युटामॉल. त्याची गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. त्याच औषधाच्या पंपाचा एक दाब 100 मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत 40 दाबांचं औषध, आणि तेही पोटातून रक्तात, सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट जिथे हवं तिथे पोचतं, म्हणून इतकंसं पुरतं. दमा अनेकांना वर्षानुवर्षं राहतो, म्हणून पंपही राहतो. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याची सवय लागली असं कुणी म्हणत नाही.

यात एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. धाप लागली की लगेच आराम देणारा सालब्युटामॉलचा पंप एकटाच वापरत राहणं धोक्याचं आहे. सूज तशीच राहते आणि आरामामुळे ती कळत नाही. दम्याच्या उपचारांची जगभर मानली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं 'जिना' ही संस्था काढते. तिने 2019 साली स्पष्ट सांगितलं की मोठ्यांना नुसत्या अशा पंपावर ठेवू नका, सोबत श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. म्हणजे उपाय निघाला तो योग्य पंपाचा, पंप फेकून देण्याचा नाही. स्टिरॉइडच्या पंपाने घसा बसतो, तोंडात पांढरा थर येतो, हेही खरं. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, एवढी काळजी घ्यावी लागते.

आता काढा. घास किंवा घोट गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडतं आणि तो मागच्या अन्ननलिकेतून पोटात जातो. चुकून थेंबभर श्वासनलिकेत गेला तर जीव कासावीस करणारा ठसका लागतो. काढ्याने फुप्फुसं धुणं शक्यच नाही. ती स्वतःच साफ होत असतात. श्वासनलिकांच्या अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलून धूळ अडकलेला कफ घशाकडे ढकलत राहतात. विडी-सिगारेटचा धूर नेमके हेच केस निकामी करतो. गरम काढ्याने घशाला बरं वाटतं, हवा तर प्या. मधुमेह असेल तर त्यातल्या गुळाचा विचार करा.

कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, ऑक्सिजन वाढत नाही. हवेत तो 21 टक्के असतो, पुरचुंडी हुंगून 22 होत नाही. 21 एप्रिल 2021 ला झाकिर हुसेन रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन 20 हून अधिक माणसं गेली, ते नाशिक अजून विसरलेलं नाही. इथे तरी असलं काही पाठवताना हात थांबावा. आणि कापूर लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेला तर झटके येतात.

10 सेकंदांची गोष्ट कोरोनाच्या काळातली आहे. श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही असं समजू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं. दम्याचे कितीतरी रोगी बरं असताना 10 सेकंद आरामात रोखतात. तसा 10 सेकंद श्वास रोखायचाच असेल तर पंप ओढल्यावर रोखा, औषध आत नीट बसतं.

घरात कुणाला दमा असेल तर आज त्यांचा रोजचा पंप मागून घ्या आणि आकडा असेल तर बघा. उद्या पुन्हा बघा. तोच दिसला तर पहाटेच्या फोनची वाट न बघता डॉक्टरांकडे घेऊन जा.