‘कमळ’ वाचता आलं, पाकिटावरची तारीख नाही

‘उल्लास’ या प्रौढ साक्षरतेच्या सरकारी कार्यक्रमात शिकवणाऱ्या स्वयंसेवकांना जास्त प्रशिक्षण हवं, असं एका लेखात म्हटलंय. पटलं. पण कसलं प्रशिक्षण? मी निवृत्त शिक्षिका, दोन वर्षं वस्तीत संध्याकाळी बायकांचा वर्ग घेते. मला जे एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं, त्यात निम्मा वेळ ॲपवर नोंदणी कशी करायची यातच गेला. (आणि रेंजही नव्हती!)

वर्गातली एक बाई मसाल्याच्या पॅकिंगला जाते. तिला ‘कमळ’ वाचून काय करायचंय? तिला हवी होती पाकिटावरची तारीख, वजनकाट्यावरचा आकडा आणि हजेरीत आपले किती खाडे लावलेत ते. शेवटी तिलाच रिकामी पाकिटं आणायला सांगितली, तोच आमचा धडा. ०.२५० किलो म्हणजे पाव किलो, हे समजायला तीन संध्याकाळी लागल्या. तीस वर्षं चौथीला शिकवूनही मोठ्या माणसाला दशांश कसा सांगायचा हे मला तेव्हाच उमगलं.

१९६७ साली वरळीला पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, ते कामगारांसाठीच. पुढे अशा विद्यापीठांची जन शिक्षण संस्थानं (कमी शिकलेल्यांना व्यवसाय कौशल्यं शिकवणारी केंद्रं) झाली आणि २०१८ मध्ये ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. साक्षरता राहिली शिक्षण खात्याकडे. ‘उल्लास’च्या पाच घटकांत व्यवसाय कौशल्य आहे खरं, पण परीक्षा १५० गुणांची, वाचन-लेखन-अंकज्ञानाचीच. मग स्वयंसेवक तेवढंच शिकवणार ना? पुढच्या प्रशिक्षणाला जन शिक्षण संस्थानातल्या शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंना बोलवा, एक दिवस तरी.