एक तास जादा, गुण मात्र तेवढेच

परीक्षा जवळ आल्या की प्राध्यापकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, सूर तोच. दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ, सांगितलेलं उत्तर लिहून द्यायला रायटर, वेगळ्या नोट्स म्हणजे गुणवत्तेवर अन्याय. एकासाठी साठ जणांचा वर्ग का खोळंबवायचा. निम्मी प्रमाणपत्रं खोटीच असतात. झेपत नाही तो कोर्स घ्यावाच कशाला. आणि शेवटी, आमच्याकडे ना पैसा ना प्रशिक्षण. यंदा तो विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही पोचला, म्हणून लिहितेय. मी तालुक्याच्या गावी बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवते.

आधी जादा वेळ. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो तास जातो कुठे, हे बघायला रायटरच्या खोलीत एकदा सुपरव्हिजन करावं. मी केलंय. आपण प्रश्नपत्रिकेवरून नजर फिरवतो आणि कुठले प्रश्न सोडवायचे ते दोन मिनिटांत ठरवतो. दृष्टिहीन मुलीला त्यासाठी अख्खी प्रश्नपत्रिका ऐकून डोक्यात धरावी लागते. मग उत्तर सांगायचं. स्वतः आणलेला रायटर शिक्षणाने तिच्यापेक्षा खालच्या पायरीवरचा हवा, असा त्याच सूचनांतला नियम; त्यामुळे 'किमतीची लवचिकता' हा शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. लवचिकता, ल-व-चि, चि पहिली. आता परिच्छेद सोड. मघाचं वाक्य वाच बरं. नाही, ते खोड. एवढं करून तपासणाऱ्याच्या हाती पडतं रायटरचं अक्षर आणि रायटरचं शुद्धलेखन. यात फुकटचा गुण कुठला, तो मला अजून सापडलेला नाही.

'दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असलेल्यांना रायटर कशाला?' हे याच मुद्द्याचं शेपूट. ४० टक्क्यांची अट आहे ती आरक्षणाला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला यूपीएससीने याच कारणाने रायटर नाकारला होता. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच उमेदवाराच्या, म्हणजे विकास कुमारच्या, खटल्यात निकाल दिला की आरक्षणाची पात्रता वेगळी आणि परीक्षेतली वाजवी सोय वेगळी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठी स्वतंत्र सूचनाही निघाल्या. तरी 'कार्डावर टक्के किती?' एवढंच विचारून पोरांना परत पाठवणारी खिडकी मी पाहिलेली आहे.

आता साठ जणांचा खोळंबा. फळ्यावर आलेख काढून मी वर्षानुवर्षं म्हणत आले, 'ही रेषा इथून इकडे सरकली की हे असं होतं.' दृष्टिहीन मुलगा वर्गात आला तेव्हा कळलं, की या वाक्यात अर्थशास्त्र औषधालासुद्धा नाही. आता म्हणते, 'मागणी वक्र उजवीकडे सरकला, पुरवठा वक्र तिथेच, म्हणून किंमतही वाढली आणि विक्रीही.' दहा सेकंद जास्त लागतात. खांबाआड बसणाऱ्यांचीही सोय झाली, तेवढं वर. ज्याला ऐकू कमी येतं आणि जो ओठ वाचतो, त्याच्यासाठी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. याने वर्ग खोळंबतो असं म्हणणाऱ्याने कधी घड्याळ लावून पाहिलं असेल असं वाटत नाही.

नोट्सचा किस्सा मात्र माझीच फजिती आहे. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या नोट्स मी त्या दृष्टिहीन मुलाला मोठ्या कौतुकाने पाठवल्या. त्याच्या मोबाइलने त्या वाचल्या त्या इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलर अशा. जुन्या फॉन्टात दिसायला मराठी असतं, आत भलतीच चिन्हं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचतो ते आतलं. मग मी पानांचे फोटो काढून पीडीएफ केली. ती तर नुसतं चित्र, वाचायला अक्षरच नाही. 'मॅडम, युनिकोडमध्ये द्या ना,' तो म्हणाला. म्हणजे आतही मराठी अक्षरंच असतील अशा. एका रविवारी बसून केल्या. त्या आता सगळा वर्ग मोबाइलवर शोधून वाचतो.

खोटी प्रमाणपत्रं? असतात. २०२४मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजल्यापासून हा मुद्दा हुकमी झालाय. पण खोटी जातप्रमाणपत्रं आणि खोट्या पदव्याही सापडतात, म्हणून खऱ्यांना कुणी दारात उभं करत नाही. तपासायचं ते वैद्यकीय मंडळाने. डिस्लेक्सिया तोंडावर दिसत नाही, म्हणून 'हा तर चांगला धडधाकट' असा शेरा मारणं हे आपलं काम नव्हे.

'झेपत नाही ते घ्यावंच कशाला' याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातूनच गेलंय. बोलण्याचं आणि भाषेचं दिव्यांगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याला एमबीबीएसला अपात्र ठरवलं, कारण टक्केवारी ४०च्या वर. गंमत बघा, आरक्षणाला ४० तरी हवेत आणि ४० झाले की प्रवेश बंद. त्याला डॉक्टर होणं जमेल का, हे कुणी तपासलंच नव्हतं. न्यायालयाने वैद्यकीय मंडळाला ते तपासायला लावलं, मंडळ 'जमेल' म्हणालं, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही.

राहिला पैसा. एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर फुकट आहे. अँड्रॉइड फोनमध्ये तेच काम करणारा टॉकबॅक असतोच. पुस्तक दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात करून द्यायला २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा आड येत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र चालतं. तेवढं मोठं काही आपल्याला जमणार नाही, कबूल. पण व्हीलचेअरवरची मुलगी असलेला वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायला लागतो तो एक खोडरबर आणि वेळापत्रकाचा कागद. लिफ्ट, दुभाषी, धड स्वच्छतागृह यांना मात्र पैसा लागतो आणि तो प्राध्यापकाच्या खिशातून येणार नाही.

आणि प्रशिक्षण नाही, हे खरंच आहे. सांकेतिक भाषेतला एक शब्द मला येत नाही, अध्ययन अक्षमतेबद्दल जे कळलं ते मुलांकडूनच. त्या अख्ख्या मेसेजात तक्रार करण्याजोगी ही एकच ओळ आहे, आणि ती नेमकी ज्यांच्या हातात काही नाही त्या पोरांच्या ग्रुपवर टाकली गेली. तेवढी ओळ वेगळी काढून व्यवस्थापनाला अर्ज लिहा. खाली पहिली सही मी करते.