रिव्ह्यू ‘वाया गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

कसोटी मालिका सुरू झाली की डीआरएसबद्दल, म्हणजे रिव्ह्यू घेऊन पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याच्या पद्धतीबद्दल, एक फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर इकडेतिकडे बदलतो, गाभा तोच: ‘बहुतेक रिव्ह्यू फसतात, म्हणजे कर्णधारांना डीआरएस वापरताच येत नाही. शंभर टक्के खात्री असेल तरच घ्यावा, नाहीतर शेवटासाठी राखून ठेवावा. आणि यष्टिरक्षकाचं ऐकावं, त्यालाच सगळं दिसतं.’ पुरावा म्हणून खाली २०१९ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हेडिंग्ले कसोटी.

बहुतेक रिव्ह्यू फसतात हे खरंच आहे. पण आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या पंचांचे बहुतेक निर्णय मुळात बरोबरच असतात, तेव्हा त्यांना आव्हान देणारा जास्त वेळा तोंडघशी पडणार, यात नवल काय? शिवाय या ‘फसलेल्यां’मध्ये अंपायर्स कॉलही बिनदिक्कत धरले जातात. पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाताना दिसला, तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय कायम राहतो, तोच अंपायर्स कॉल. मात्र २०१७ पासून अशा वेळी रिव्ह्यू संघाकडेच राहतो. विकेट मिळाली नाही, पण खिशातूनही काही गेलं नाही.

हिशेबाची खरी गफलत पुढेच आहे. रिव्ह्यू यशस्वी ठरला तर तो खर्ची पडत नाही. म्हणजे कसोटीच्या डावात मिळणारे तीन रिव्ह्यू या तीन संधी नव्हेत, तीन चुकांची मुभा आहे. डाव संपला की उरलेली मुभाही संपते. पुढच्या डावात कोरी पाटी. पूर्वी ८० षटकांनंतर कसोटीत नवा कोटा मिळायचा, तोही २०१७ मध्येच बंद झाला. तीन रिव्ह्यू शिल्लक ठेवून डाव संपवणाऱ्या कर्णधाराला आपण काटकसरी म्हणतो. मला तो बऱ्याचदा नुसता घाबरट वाटतो.

खात्रीचं म्हणाल, तर ती समोर कोण खेळतंय यावर ठरायला हवी. जमलेल्या शतकवीराविरुद्ध तीस टक्के वाटत असलं तरी हात वर जावेत. अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजासाठी तेवढ्यावर रिव्ह्यू घालवू नये, तो पुढच्या षटकात तसाही जायचा असतो. फलंदाजी करतानाही तेच. २०११ च्या विश्वचषकात मोहालीच्या उपांत्य सामन्यात सचिनला २३ धावांवर पाकिस्तानच्या अजमलच्या चेंडूवर पायचीत दिलं. त्याने रिव्ह्यू घेतला, निर्णय फिरला आणि तो ८५ पर्यंत गेला. उलट बाजूचं उदाहरण २०१९ च्या विश्वचषकातल्या उपांत्य सामन्यातलं. बेअरस्टोने पायचीतवर इंग्लंडचा एकमेव रिव्ह्यू घालवला, आणि मग ८५ वर खेळणाऱ्या जेसन रॉयला झेलबाद दिलं, बॅटला चेंडू लागलेला नसताना. तो हात पसरून चिडण्यापलीकडे काही करू शकला नाही.

आता हेडिंग्ले. इंग्लंडला ३५९ हव्या होत्या, शेवटची जोडी, स्टोक्स आणि लीच, मैदानात होती आणि ऑस्ट्रेलियाकडे एक रिव्ह्यू उरला होता. कमिन्सचा चेंडू लीचच्या पॅडवर लागला, पंच हलले नाहीत, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पेन याने रिव्ह्यू घेतला. टप्पा लेग स्टंपबाहेर, म्हणजे पायचीत देताच येत नाही. संपला रिव्ह्यू. पुढच्याच षटकात दोन धावा हव्या असताना लायनने स्टोक्सला पायचीत पकडलं. जोएल विल्सन यांनी नाबाद दिलं, आणि चेंडूचा पुढचा मार्ग दाखवणाऱ्या हॉक-आयवर चेंडू यष्टीवर जाताना दिसला. यावरून फॉरवर्ड लिहिणारे सांगतात: राखून ठेवायला हवा होता.

पण राखायचा कशासाठी? एक विकेट आणि सामना हातात, यापेक्षा मोठी वेळ कुठली येणार होती? पेनची चूक रिव्ह्यू घेण्यात नव्हती. रिव्ह्यू ठरवायला मिळणाऱ्या पंधरा सेकंदांत पहिला प्रश्न ‘टप्पा कुठे पडला?’ हा असायला हवा, तोच राहून गेला. टप्पा लेगबाहेर असेल तर उंची, रेषा, काहीच बघायची गरज उरत नाही. तोच चेंडू यष्टीच्या रेषेत पडला असता, तर तिथे रिव्ह्यू न घेणं हाच वेडेपणा ठरला असता.

राहिला यष्टिरक्षक. झेलासाठी त्याचा कान सगळ्यात विश्वासाचा, हे मान्य. पायचीतला मात्र फलंदाजाचं अंग मध्ये येतं. पाय किती पुढे पडला, चेंडू किती उंचीवर लागला हे आडव्या बाजूला उभ्या असलेल्या पॉइंटला किंवा स्क्वेअर लेगला जास्त बरं कळतं. गोलंदाजाला विचारूच नये, त्याच्या मते सगळेच बाद असतात.

डीआरएस म्हणजे ‘धोनी रिव्ह्यू सिस्टिम’ हा विनोदही याच फॉरवर्डसोबत फिरतो. गंमत म्हणजे धोनी कर्णधार असताना भारतीय बोर्डाला द्विपक्षीय मालिकांत डीआरएस नकोच होतं. वनडे मालिकेत ते आलं जानेवारी २०१७ मध्ये, इंग्लंडविरुद्ध, तेव्हा नुकतीच कप्तानी कोहलीकडे गेली होती. पुण्याच्या पहिल्याच सामन्यात मॉर्गनच्या बॅटची कड लागली, पंचांनी नाबाद दिलं, आणि यष्टिरक्षक धोनीने सवयीने स्वतःच रिव्ह्यूची ‘टी’ची खूण केली. कोहलीची खूण मागोमाग आली. मॉर्गन बाद होता. अर्थात तो झेल होता, पायचीत नव्हे.