चालून कुणाचा कॅन्सर बरा होतो का?

नमस्कार,

ब्रेस्ट कॅन्सरच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करायला आम्ही रात्रभर चाललो, त्यावर मी जो लेख लिहिला, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "गुलाबी टीशर्ट घालून मिरवायचं, फोटो टाकायचे, यातून कुणाचा कॅन्सर बरा झाला? तेवढे पैसे सरळ एखाद्या पेशंटला द्यायचे होते," असं तुम्ही म्हणता. पहिल्यांदा वाचून राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की निघण्याआधी यातलं निम्मं माझ्याही मनात होतं आणि लेखात मी ते सोयीस्कर गाळलं.

गुलाबी रंगाचं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूची. शार्लट हेली नावाच्या अमेरिकन बाई पीच रंगाच्या फिती घरी बनवून वाटायच्या. सोबतच्या कार्डावर, कॅन्सर टाळण्याच्या कामावर सरकार किती कमी खर्च करतं ते लिहिलेलं असायचं. १९९२ मध्ये एका मासिकाने त्यांच्याकडे ती फीत मागितली. धंदा नको म्हणून त्यांनी नाही म्हटलं, तर मासिकाने नुसता रंग बदलला. गुलाबी फीत सगळीकडे पसरली ती अशी. तेव्हापासून त्या रंगात काय काय विकलं गेलं, ते आपण बघतोच.

पण "सरळ पेशंटला द्या" हे मला अर्धंच पटतं. पेशंटला द्यायचं औषध आधी कुणीतरी शोधून काढावं लागतं. हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला ब्रेस्ट कॅन्सर झपाट्याने पसरायचा. साधारण पाचातल्या एकीचा या प्रकारचा असतो. त्यावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागे डॉ. डेनिस स्लेमन यांचं संशोधन होतं आणि त्या संशोधनाला मोठा आधार मिळाला तो रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीच्या देणगीचा. म्हणजे बघा, लिपस्टिकचा पैसाही कामी आला!

आणि देणगी मागून तर बघा. नुसती मागितली की "बघू" ऐकू येतं. "रात्रभरात ४२ किलोमीटर चालणार आहे" म्हटलं की निदान "वेड लागलंय का तुला?" म्हणायला तरी लोक थांबतात. माझ्या यादीतल्या एकीने पैसे पाठवले आणि रात्री फोन केला. दहा मिनिटं इकडचं तिकडचं. मग हळूच, "गाठ दुखत नसेल तर काळजीचं काही नसतं ना?" तसं नसतं. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण कॅन्सरची गाठ अनेकदा दुखतच नाही. न दुखण्यावर विसंबू नकोस, दाखवून ये, असं तिला सांगितलं. गेली ती. साधी गाठ निघाली.

मिरवण्याबद्दल एकच सांगते. पहाटे तीनला कुणी मिरवत नाही. तळपायाला फोड, बोलणं बंद, मागून पुढून फक्त बुटांचे आवाज. माझ्या पुढच्या बाईंच्या पाठीवर कागद होता, "आई, मावशी, मी". एका कोपऱ्याची पिन सुटून तो फडफडत होता. मी सांगितल्यावर त्या थांबल्या. "तुम्हीच लावता का? ऑपरेशनपासून माझा हा हात मागे जात नाही." काखेतल्या ग्रंथी काढल्यावर असं होतं, हे मला तेव्हा कळलं. पिन लावेपर्यंत त्या जागच्या जागी पाय हलवत राहिल्या, कारण थांबलं की पोटऱ्या धरतात.

त्या रात्रीचा फोटो माझ्याकडे नाही. सुरुवातीचे आहेत, दात काढून हसतानाचे, आणि तुम्ही बघितलेत ते तेच. तेवढ्यावरून तुमचं मत झालं असेल तर चूक माझीही आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही: गोळा झालेल्या रकमेतलं आयोजनावर किती गेलं आणि संशोधनाला किती? हे मी नोंदणीच्या आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. काल आयोजकांना मेल केली आहे. हिशेब आला की आकड्यांसकट इथेच, तुमच्या प्रतिक्रियेखाली टाकते.