गोंड्याची लाल टोपी आणि ५०,००० जणांची कत्तल

वर ‘हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत’, मध्ये लाल टोप्या घातलेल्या अमेरिकन आजोबांचा फोटो, खाली ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. इंग्रजीत हा मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे, आता कुणीतरी त्याचं मराठी करून सोडलंय. एरवी डिलीट करून विसरलो असतो. पण मावशीने तो वाचून फिलाडेल्फियातल्या लेकीला फोन केला, की नातवाचं वाकडं पाऊल दाखवायला ‘त्या टोपीवाल्यांच्या’ हॉस्पिटलात अजिबात नेऊ नकोस. आता उत्तर देणं भाग आहे.

मजकूर थोडक्यात असा. आठव्या शतकात मोरोक्कोतल्या फेझ शहरात मुसलमानांनी ५०,००० ख्रिश्चनांची कत्तल केली आणि त्यांच्या रक्तात टोप्या बुडवल्या, म्हणून फेझ टोपी (आपल्याकडची तुर्की टोपी) लाल. ती इस्लामची प्राचीन धार्मिक खूण आहे. अमेरिकेतले श्राइनर नावाचे फ्रीमेसन (एका जुन्या गुप्त बंधुमंडळाचे सभासद; मावशीने सांगितलं ते हॉस्पिटल त्यांचंच) ती घालून त्या कत्तलीचा गौरव करतात आणि टोपीवरची तलवार ही त्याचीच निशाणी. आणि तुर्कस्तानाने लाज वाटून हिच्यावर बंदी घातली.

आधी शहर. फेझची पहिली वस्ती पहिल्या इद्रीसने ७८९ मध्ये वसवली आणि समोरच्या काठावरची दुसरी त्याच्या मुलाने ८०९ च्या सुमारास. म्हणजे आठव्या शतकातली फेझची उमर जेमतेम अकरा वर्षं. ८१८ च्या उठावानंतर कोर्दोबातून हाकललेली माणसं येऊन राहिली (कोर्दोबा म्हणजे स्पेनमधलं शहर) तेव्हा कुठे गावाला आकार आला. कत्तल करायला ५०,००० ख्रिश्चन तिथे आणले कुठून? एवढं कबूल करतो की मोरोक्कोच्या चौदाव्या शतकातल्या बखरीत त्या परिसरातल्या टोळ्यांमध्ये ख्रिस्ती, यहुदी आणि अग्निपूजक असल्याचा उल्लेख आहे. टोळ्यांचा. पन्नास हजारांच्या कत्तलीचा नाही. टोपीचं नाव या शहरावरून पडलं हेही बहुधा खरं. पण पैठणवरून पैठणी नाव पडलं म्हणून पैठणला काय काय झालं ते पदरावर शोधत बसत नाही आपण.

आता रंग. हा मजकूर लिहिणाऱ्याने आयुष्यात लोकरीची एक लडी रंगवलेली नाही. रक्ताचा लालपणा हिमोग्लोबिनचा. हवा लागली की त्यातल्या लोहाचं रूप पालटतं आणि लाल रंग तपकिरी होत होत काळपटतो. अंगाबाहेर आलेलं रक्त पाच-दहा मिनिटांत गोठतं, त्यामुळे त्यात टोपी ‘बुडवायला’ घेतली तर गुठळ्या वर राहणार आणि लोकरीत पिवळट पाणी शिरणार. शर्टावरचा ताजा डाग थंड पाण्यात निघतो हे घरात कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. निघतो, कारण धाग्याला धरून बसणारा तो रंगच नव्हे. अशी टोपी दुसऱ्या दिवशी तपकिरी, कडक आणि वास मारणारी झाली असती, आणि पहिल्या पावसात कपाळावर ओघळली असती.

लोकरीवर टिकाऊ लाल चढवायची रीत वेगळी आहे आणि ती मुळीच गुप्त नाही. लोकर धुऊन, तिचा तेलकटपणा काढून ओली करून घ्यायची. किलोभर कोरड्या लोकरीला १२० ते १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवायची, लोकर त्यात सोडायची, हळूहळू ८० ते ९० अंशांपर्यंत न्यायची, तासभर ठेवायची आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायची. तुरटी कमी पडली तर रंग धुपतो, जास्त झाली तर लोकर हाताला चिकट लागते. मग रंगाचं भांडं. मंजिष्ठेच्या भूमध्यसागराकडच्या जातीची मुळं कुटून, लोकरीच्या वजनाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत घ्यायची. इथे आच सांभाळावी लागते. ७० अंशांच्या वर गेलं की मुळांतले तपकिरी रंगही सुटतात आणि लालाचा विटकरी होतो. पाण्यात किंवा भांड्यात लोखंड असेल तर रंग मळतो, म्हणून भांडं कल्हईचं.

महागडी लाल टोपी हवी असेल तर मंजिष्ठेऐवजी किरमिज. ओकच्या एका काटेरी झुडपी जातीवर राहणाऱ्या किड्यांच्या माद्या वाळवून हा रंग काढतात. अरबीत ‘किर्मिझ’, आणि आपण मराठीत ज्याला किरमिजी म्हणतो तो शब्द याच घराण्यातला. तेव्हा फेझच्या लालामागे कुणाचा जीव गेला असेल तर तो या किड्यांचा. त्यांचा आकडा पन्नास हजारांहून नक्कीच जास्त भरेल, आणि त्याबद्दल फॉरवर्ड काढायचं असेल तर माझी हरकत नाही.

टोपी बनते कशी हेही पाहा, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. ट्यूनिसमध्ये हिची मऊ, बुटकी बहीण ‘शेशिया’ अजून बनते. तो धंदा वाढवला स्पेनमधून १६०९ नंतर हाकललेल्या मोरिस्कोंनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी. बायका पांढऱ्या लोकरीची सैल पिशवी विणतात, डोक्यापेक्षा कितीतरी मोठी. ती गरम पाण्यात साबण लावून इतकी मळतात, कुटतात की आटून घट्ट नमद्यासारखी होते आणि विणीचे टाके दिसेनासे होतात. मग एका काटेरी बोंडाने खरवडून लव उठवायची, रंगवायचं, साच्यावर चढवून सुकवायचं आणि पुन्हा खरवडायचं. विणकाम एका गावात, कुटाई दुसऱ्या गावात नदीकाठी आणि रंगाई झगुआनला, कारण तिथलं पाणी रंगाला मानवतं. रंग चढतो तो शेवटच्या टप्प्यांत, पाण्याची निवड करून. ऐन रणात डोक्यावरची टोपी काढून कशाततरी बुचकळण्याइतकं हे सोपं काम नाही.

इस्तंबूलची ताठ फेझ म्हणजे याच कापडाला गरम पितळी साच्यात वाफेवर दाबून दिलेला आकार. वर सपाट चकती, बाजू किंचित निमुळती आणि चकतीच्या मधोमध शेपटीवजा देठ, त्याला रेशमी गोंडा. पावसात भिजली की बसते आणि पुन्हा साच्यावर चढवून घ्यावी लागते. त्यासाठी गल्लोगल्ली दुकानं असत. सुरुवातीचे गोंडे इतके लांब आणि दाट होते की वाऱ्याने त्यांचा गुंता व्हायचा. तुर्कीत डोक्याला झालेल्या जबर तापाला ‘गोंडेवाली बला’ म्हणतात ते उगाच नाही.

पुढचा मुद्दा, ‘प्राचीन धार्मिक खूण’. इथे मला एकच संदर्भ पुरतो. डोनाल्ड क्वाटर्ट या ऑटोमन साम्राज्याच्या (जुन्या तुर्की सल्तनतीच्या) इतिहासकाराने तिथल्या १७२० ते १८२९ मधल्या पोशाखाच्या कायद्यांवर १९९७ मध्ये लेख लिहिला, ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ मिडल ईस्ट स्टडीज’मध्ये. फेझ येईतोवर डोक्यावरच्या पागोट्यावरून माणसाचा हुद्दा आणि धर्म कळायचा. दुसऱ्या महमूद सुलतानाने १८२६ मध्ये जानिसारी ही सुलतानांची जुनी खडी फौज मोडली, नव्या फौजेला फेझ दिली आणि १८२९ च्या फर्मानाने सरकारी नोकरांनाही तीच लावली. मुसलमान असो, ग्रीक असो, आर्मेनियन असो की यहुदी, टोपी एकच. डोकं बघून धर्म ओळखता येऊ नये हाच तर हेतू. बिगर-मुस्लिम व्यापारी-अधिकाऱ्यांनी ती आनंदाने चढवली. कुरकुरले ते कष्टकरी मुसलमान, आणि त्यांनी फेझभोवती पुन्हा फडकी गुंडाळली. धर्मपंडितांना पागोटं ठेवायची मुभा द्यावी लागली. प्राचीन इस्लामी टोपीची ही जन्मकथा! फेझला कड नसल्याने नमाजात कपाळ जमिनीला टेकतं, ही सोय मात्र खरी.

आणि माल कुठला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुर्कांच्या डोक्यावरच्या ढीगभर फेझ बोहेमियातल्या (आताच्या चेक देशातल्या) स्ट्राकोनित्से गावातून यायच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ख्रिस्ती कारखानदारांकडून. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तेव्हा इस्तंबूलकरांनी निषेध केला तो ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार घालून, आणि पहिली गेली ती डोक्यावरची फेझ. ख्रिश्चनांच्या रक्ताची निशाणी ख्रिश्चनच शेकड्यांनी पेट्या भरून विकत होते, असं मानायचं का? इटलीच्या बेर्साल्येरी सैनिकांची लाल फेझ निळ्या गोंड्याची, अमेरिकन यादवीत उत्तर आफ्रिकी धाटणीचा पोशाख करणाऱ्या झुआव्ह पलटणींचीही फेझ. आपल्याकडे सर सय्यद अहमद खान आणि अलीगढच्या विद्यार्थ्यांनी ती घेतली ती आधुनिक तुर्कस्तानाची म्हणून. हैदराबाद संस्थानात तिलाच रुमी टोपी म्हणत.

आता श्राइनर. डॉक्टर वॉल्टर फ्लेमिंग आणि नट विल्यम फ्लॉरेन्स या दोन फ्रीमेसनांनी १८७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ही मंडळी उभी केली. त्यांचं पहिलं ‘मक्का मंदिर’ (मंदिर म्हणजे शाखा) १८७२ चं. मूळ उद्देश मौजमजा. लॉजमधलं, म्हणजे मेसनांच्या सभागृहातलं, गंभीर कामकाज संपल्यावर दंगा करायला एक जागा हवी होती, आणि त्या काळी अमेरिकेत अरबी सोंगाची चलती होती. टोपीवरचं चिन्ह एकदा जवळून बघा. वर तलवार, खाली बंगाली वाघाच्या दोन नखांची चंद्रकोर, मध्ये इजिप्तच्या स्फिंक्सचं डोकं आणि खाली लोंबणारा तारा. सुंदरबन, कैरो आणि अरबस्तान यांची मिसळ, तर्री न्यूयॉर्कची. कत्तलीचा गौरव करणाऱ्या कडव्या मुसलमानाने टोपीवर मूर्तीचं डोकं भरतकामात काढलं असतं का? फोटोत चिन्हाच्या वर दिसतं ते त्या त्या शाखेचं नाव. गोंडा काळा असतो आणि मिरवणुकीत डोळ्यांवर येऊ नये म्हणून बाजूला चिमट्याने धरलेला.

एक गोष्ट नाखुशीने मान्य करावी लागते. श्राइनरांच्या जुन्या विधींत अल्लाचं नाव येतं, कुराण येतं आणि आपली परंपरा सातव्या शतकात मक्केत सुरू झाली अशी थापही येते. थाप त्यांनीच मारली, फ्लेमिंगच्या दिवाणखान्यात. कुणा मुसलमानाचा त्यात हात नव्हता. त्या सोंगाची टिंगल करा, मीही करतो. पण सोंग म्हणजे कट नव्हे.

फेझ घालणारे दुसरे कोण हेही फॉरवर्डवाल्यांना ठाऊक नाही. ‘ग्रोटो’ नावाच्या दुसऱ्या मंडळातल्या मेसनांची काळी फेझ लाल गोंड्याची. काळ्या अमेरिकनांनी १८९३ मध्ये शिकागोत स्वतःचे श्राइनर काढले. गोऱ्या श्राइनरांनी त्यांना नाव आणि टोपी सोडायला लावण्यासाठी कोर्टात खेचलं आणि १९२९ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. आणि ‘ऑर्डर ऑफ अलहंब्रा’ तर चक्क कॅथलिकांची, स्पेनमधून मूर (तिथले मुसलमान) गेले त्याची आठवण ठेवणारी. तेही फेझच घालतात! मुंबईत फोर्टातल्या फ्रीमेसन हॉलचाही फॉरवर्डच्या एका आवृत्तीत उल्लेख आहे. लॉजच्या कामात मेसन ॲप्रन बांधतात, फेझ घालत नाहीत.

तुर्कस्तानाची बंदी खरी, कारण खोटं. २५ नोव्हेंबर १९२५ च्या हॅट कायद्याने फेझ गेली ती अतातुर्कला युरोपी हॅट हवी होती म्हणून. विरोध करणाऱ्यांना फाशीही झाली. लाजेचा प्रश्न नव्हता.

राहिलं हॉस्पिटल. १९२० च्या अधिवेशनात श्राइनरांनी दर सभासदामागे वर्षाला दोन डॉलर वर्गणी ठरवली आणि १९२२ मध्ये अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्टला पोलिओच्या आणि हाडांच्या आजारांच्या मुलांसाठी पहिलं हॉस्पिटल उघडलं. पुढे १९६६ पासून भाजलेल्या मुलांसाठीही. मुलाचा धर्म विचारत नाहीत, आणि ऐपत नाही म्हणून परत पाठवत नाहीत. ‘सगळं फुकट’ असं जे सांगतात तेही आता पूर्ण खरं नाही, विमा असेल तर विमा कंपनीला बिल जातं. तेव्हा मावशी, लेकीला सांग, फोन करताना तीनच गोष्टी विचारायच्या. आपला विमा चालतो का, जुने एक्स-रे आणायचे की पुन्हा काढणार, आणि प्लास्टर घालायची वेळ आली तर दर आठवड्याला यावं लागेल का.